पंपघराचं उत्तर

“पुन्हा लाल झालं,” मॅडम म्हणाल्या. “मामा, तुमचं पंपघर मेलं.”

“मेलं कसं असेल? सकाळीच हात लावून आलोय मी. दिवे लुकलुकत होते.”

“दिव्यांचं काय घेऊन बसलात! इकडे पडद्यावर बघा. बावीस इमारती हिरव्या आणि एकटं पंपघर लाल. काढून टाकू का यादीतून? संध्याकाळी साहेबांना सगळं हिरवं दाखवायचंय.”

मामा खुर्ची ओढून बसले. कॉलेजच्या आवारात प्राचार्यांपासून माळ्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी या आवाराच्या पोटातून तारा नेल्या होत्या; आधी टेलिफोनच्या, मग नेटवर्कच्या. आता नेटवर्क कुठे रेंगाळतं ते मोजायचं ठरलं होतं आणि त्यासाठी एका कंपनीकडून या मॅडम आल्या होत्या. प्रत्येक इमारतीत काडेपेटीएवढी डबी बसवली होती. या खोलीतला कॉम्प्युटर दर मिनिटाला एकेका डबीला हाक मारी. डबीने ओ द्यायला किती वेळ लावला, ते पडद्यावर रेघ होऊन उमटे.

दुपार कलली होती. खिडकीवरच्या चिंध्या झालेल्या पडद्यातून पिवळं ऊन आत आलं होतं आणि यंत्रांची एकसुरी घरघर झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी चालली होती. अशा वेळी मामांना ही खोली आजची वाटतच नसे. आता कपाटात यंत्रं रचली होती तिथे पूर्वी टेलिफोनचा बोर्ड होता, आणि बोर्डापुढे मामी बसत. तेव्हा त्या मामी नव्हत्या, ऑपरेटरबाई होत्या. रोज सकाळी आठ वाजता त्या ओळीने प्रत्येक इमारतीची घंटी वाजवायच्या. “ऐकू येतंय?” “येतंय.” की वहीत बरोबरची खूण. लाइन बंद आहे असं लिहिण्याआधी सात घंट्या वाजू द्यायच्या, हा त्यांचा स्वतःचा नियम. “पंपवाल्याचे हात तेलाचे असतात,” त्या म्हणायच्या. “पुसून यायला वेळ नको का त्याला? सातवी वाजून गेल्याशिवाय कुणाला मेलं म्हणू नये.”

तरणे लाइनमन असलेले मामा आठाच्या सुमाराला मुद्दाम पंपघरात जाऊन बसत. सहा घंट्या वाजू देत आणि सातवीला उचलत.

“काय हो, झोपला होतात?”

“हात पुसत होतो.”

“लाइनमनच्या हाताला कसलं आलंय तेल?”

एवढ्यावरच पुढे लग्न झालं, असं मामा आजही हसून सांगत.

“मॅडम,” मामा म्हणाले, “तुमचं हे यंत्र वाट किती बघतं?”

“एक सेकंद. त्यात ओ आली नाही तर लाल.”

“एवढंच?”

“अहो, एक सेकंद म्हणजे याच्या हिशेबी युग झालं. बाकीच्या डब्या सेकंदाच्या हजाराव्या भागात उत्तर देतायत.”

“पाच करून बघा.”

“मामा, आमच्याकडे कुणी पाच ठेवत नाही. हसतील मला.”

“हसू देत. हसल्याने कुणाचे दात पडत नाहीत.”

मॅडमनी मान हलवत आकडा बदलला. दोघेही पडद्याकडे बघत राहिले. हाक गेली. मग पंपघराचा चौकोन लालाचा हिरवा झाला.

“दोन पूर्णांक तीन,” मॅडम पुटपुटल्या. “म्हणजे उत्तर येत होतं. मीच आधी फोन ठेवत होते.”

“आता घोडं कुठे पेंड खातंय ते शोधू.”

ते शोधायला अर्धा तास लागला. पंपघराला तार नव्हती. टाकीवरच्या छोट्या तबकडीतून हवेतूनच जोडणी होती, आणि तीही बारीक. दुपारी तिथला कॅमेरा आदल्या दिवसापासूनची सगळी चित्रं एकदम त्याच वाटेने पाठवायचा. “डबी बिचारी लगेच ओ देते,” मॅडम म्हणाल्या, “पण तिच्या उत्तरापुढे ही चित्रांची रांग. उत्तर हरवलेलं नाही मामा, रांगेत उभं आहे.” त्यांनी कॅमेऱ्याला जरा दमाने घ्यायला लावलं. पंपघराची रेघ हळूहळू खाली येऊन बाकीच्यांत मिसळली.

मामांना मात्र कालची संध्याकाळ आठवत होती. ते नखं कापत बसले होते आणि मामी एकदम म्हणाल्या होत्या, “अर्धाच.”

काय अर्धाच? मोठ्या आजारपणानंतर मामींचं बोलणं आटत गेलं होतं. विचारावं तर भिंतीकडे बघत बसायच्या आणि मध्येच काहीतरी तुटक बोलायच्या. “आईला भान राहिलं नाही बाबा,” असं लेक गेल्याच आठवड्यात फोनवर म्हणाली होती. दोन महिन्यांनी सुट्टी घेऊन ती येणार होती आणि आईला एका संस्थेत ठेवणार होती. तिथे चोवीस तास नर्स असते. मामांनाही वाटलं होतं, ज्या बाईला आपण समोर आहोत हेच कळत नाही, तिला घरी ठेवून तिचं काय भलं होणार?

पण काल नखं कापायला बसण्याआधी मामांनी विचारलं होतं, “चहा किती टाकू?”

त्या दिवशी घरी जाताना त्यांनी एक वही घेतली. डावीकडे स्वतःचा प्रश्न आणि वेळ, उजवी बाजू कोरी. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, “खिडकी उघडू का?” मामी गप्प. मामांनी दाढी केली, भांडी घासली. सहा मिनिटांनी मामी म्हणाल्या, “उघडा. कोंदट झालंय.”

मामांनी ओल्या हातानेच वेळ लिहिली.

सगळीच उत्तरं आली नाहीत. दहातली चार तर कुठे विरून गेली कोण जाणे. कॅमेऱ्याला सांगितलं तसं दमाने घे म्हणून सांगायला इथे काही बटण नव्हतं. कोणती चित्रं मामींच्या उत्तरांपुढे रांग लावून उभी होती, हेही मामांना दिसत नव्हतं. कधीकधी मामी “पंपघर, ऐकू येतंय?” असं अगदी तरण्या आवाजात विचारायच्या. मामा कामाचा पसारा टाकून सांगायचे, “येतंय. हात पुसत होतो.”

दोन महिन्यांनी लेक ठरल्याप्रमाणे आली. आल्याआल्या आईच्या पुढ्यात बसली, तिचे हात हातात घेतले.

“आई, मी कोण?”

मामी खिडकीबाहेर बघत होत्या. लेकीने थोडा वेळ वाट पाहिली, डोळे टिपले आणि उठली. “बघितलंत ना बाबा? मागच्या खेपेलाही हेच. मला नाही बघवत.”

“जरा थांब. उत्तर यायचंय.”

“कुठून यायचंय?” लेक म्हणाली. मामांनी वही पुढे केली. लेकीने दोन पानं चाळली आणि मिटून परत दिली. “बाबा, अहो, ती काय तुमची मशीन आहे का? आई आहे ती.”

“म्हणून तर जास्त थांबायचं. यंत्रासाठी पाच सेकंद थांबलो. आईसाठी थोडी कळ काढ की.”

“चार वाजता गाडी येणार आहे.”

“येऊ दे. ड्रायव्हरला चहा देऊ.”

लेक कपाटाकडे वळली. आईचे कपडे घडी घालून बॅगेत ठेवू लागली: स्वेटर, शाल, मोजे. मामा घड्याळाकडे बघत बसले. मध्ये एकदा मामी म्हणाल्या, “मीठ कमी होतं,” आणि लेकीने वळून हताशपणे बघितलं. मामांनी शांतपणे, लेक येण्याच्या जरा आधी जेवताना विचारलेल्या ‘आमटी कशी झालीय?’ या प्रश्नापुढे वेळ लिहिली. खाली गाडीचा भोंगा वाजला. मामांनी खिडकीतून हात करून ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.

लेकीने बॅगेची चेन ओढायला घेतली.

“ठमी,” मामी म्हणाल्या. नजर खिडकीबाहेरच होती. “ठमी ना गं तू? मला कशाला विचारतेस? माहीत नाही होय तुला?”

चेन अर्ध्यावरच राहिली. ठमी हे नाव घरात आईशिवाय कुणी घेत नसे. लेक बॅगेपाशीच खाली बसली. तिने बॅगेतली शाल काढून उलगडली आणि जाऊन आईच्या खांद्यावर टाकली. मग खाली जाऊन गाडी परत पाठवून आली.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मामांनी वही उघडून वेळ लिहिली. चौतीस मिनिटं. पहिल्या पानावर सहा होती, मधल्या पानांवर अकरा, एकोणीस, सव्वीस. रेघ कुठे चालली आहे हे कळायला त्यांना पडद्याची गरज नव्हती. लेकीने दोनच पानं चाळली होती. मामांनी तिला बाकीची दाखवली नाहीत.

वही मिटून ते मामींच्या शेजारी बसले.

“उद्या सकाळी जरा बागेत बसायचं का गं?” त्यांनी विचारलं.

उद्या सकाळला अजून बराच अवकाश होता. पण आत्ता विचारलं तर उत्तर वेळेवर पोचणार होतं.