बर्फातल्या शर्यतीतला डावा बूट

मी धावण्याचा एक जुना बूट आहे, डाव्या पायाचा. मित्रांनो, माझा रंग एके काळी निळा होता. आज तो नक्की कोणता आहे, हे मलाही सांगता येणार नाही.

व्हिएतनाममधल्या एका कारखान्यात माझा तळ आणि वरचं कापड एकमेकांना चिकटवलं गेलं. तिथून जहाजाने आणि मग ट्रकने मी अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आलो. दुकानात नीलांबरीने मला पायात घातलं, जागच्या जागी दोन उड्या मारल्या आणि म्हणाली, "हेच."

नीलांबरी मूळची नागपूरची. ट्रेनने शिकागोतल्या ऑफिसात जायची आणि त्याआधी सकाळी मला घालून नदीकाठाने पळायची. चाळिशीनंतर पळायला लागलेली बाई, पण दोन वर्षांत तिने एकवीस किलोमीटरची शर्यत दोन तास चार मिनिटांत पूर्ण केली. त्या दिवशी घरी आल्यावर तिने मला ओल्या फडक्याने पुसलं आणि नवऱ्याला, देवांगला, म्हणाली, "या बुटांनी पळवलं मला." माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं कौतुक तेच.

मग गेल्या वर्षी जानेवारीत घरासमोरचा बर्फ फावड्याने काढताना ती घसरून पडली. मी तेव्हा तिच्या पायात नव्हतो. डावा घोटा दोन ठिकाणी मोडला. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसले. मी वर्षभर गराजच्या दाराशी रॅकवर पडून राहिलो. तिथून स्वयंपाकघर दिसायचं. ओट्याला धरून ती डाव्या पायावर उभी राहायची आणि तीसपर्यंत आकडे मोजायची. अठरालाच दुसरा पाय टेकायचा आणि ती वैतागायची.

"हाड जुळलंय म्हणतात डॉक्टर. मग हा पाय ऐकत का नाही माझं?"

ती स्वतःशीच पुटपुटायची. देवांगने किंवा आणखी कोणी विचारलं की मात्र ती सांगायची, "एकदम ठीक आहे आता."

यंदा फेब्रुवारीत तिने दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलं. आदल्या दिवशी चार-पाच इंच बर्फ पडला. देवांगने खोल खाचांचे नवे बूट आणून ठेवले होते.

"हे घाल, नीलू. ग्रिप चांगली आहे."

"जुनेच घालणार मी. यात मला पळता येत होतं."

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. माझा तळ टाचेकडे पार गुळगुळीत झाला होता, अंगठ्यापाशी कापड फाटलं होतं. तिचा घोटाही आता जाड झाला होता, तो माझ्यात कसाबसा मावला. तिने नाडी ओढून ओढून बांधली. नवे बूट तिच्या सोळा वर्षांच्या लेकीने, सावनीने, घातले. दोघींचा नंबर एकच. सावनी त्या शर्यतीत सात किलोमीटरवरच्या टेबलाशी पाणी द्यायला उभी राहणार होती.

पहिले दोन किलोमीटर बरे गेले. तिसऱ्यापासून वितळलेला बर्फ माझ्या भोकातून आत येऊ लागला. प्रत्येक वळणावर मी घसरत होतो, आणि मी घसरलो की तिचा अख्खा पाय लाकडासारखा ताठ व्हायचा. मी बर्फाला धरायचा किती प्रयत्न केला, पण धरायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. मागून माणसं येत होती आणि पुढे जात होती. त्यांत सत्तरीचे राजीवकाका होते. त्यांना पळायला नीलांबरीनेच शिकवलं होतं.

"चल, माझ्याबरोबर ये सावकाश," काका म्हणाले.

"तुम्ही व्हा ना पुढे, काका," ती तुटकपणे म्हणाली. काका गेले. मग बराच वेळ ती स्वतःवरच चिडून पुटपुटत होती.

पाण्याच्या टेबलाच्या अलीकडे एक लहानसा उतार होता. तिथे मी सटकलो. नीलांबरी बर्फात बसली ती बसलीच. तिने मुठीने बर्फावर दोन गुद्दे मारले. सावनी टेबल सोडून धावत आली.

"मॉम, आर यू ओके? घोटा दुखतोय?"

"नाही दुखत." नीलांबरी म्हणाली. "भीती वाटते. पाऊल टाकलं की दर वेळी वाटतं, आता परत मोडणार. आणि मला त्याचाच राग येतो, सावनी. वर्ष झालं, मी सगळ्यांना ठीक आहे म्हणून सांगतेय."

सावनी तिथेच बर्फात बसली आणि आपल्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.

"हे घाल. तुझे मला दे."

"अगं, ओले आहेत ते."

"आय डोन्ट केअर."

अशा रीतीने, मित्रांनो, भर शर्यतीत मी नीलांबरीच्या पायातून उतरलो. नवे बूट घालून ती उठली आणि जपून जपून निघाली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि वाईटही वाटलं.

टेबलावरच्या मुलांना सांगून सावनी मला घालून मागून चालत निघाली. उरलेले तीन किलोमीटर संपवून ती पोचली, तेव्हा नीलांबरी देवांगचा कोट पांघरून उभी होती. चेहरा पडलेला होता.

"एक तास एकतीस मिनिटं," ती म्हणाली. "पूर्वी छप्पन्न मिनिटांत व्हायचं."

सावनी बाकावर बसली. तिने मला पायातून काढलं आणि उलटं करून आईसमोर धरलं.

"मॉम, बघ. मी नुसती चालत आले तरी चार वेळा घसरले. तू यात सात किलोमीटर पळालीस."

नीलांबरीने माझ्या गुळगुळीत टाचेवरून अंगठा फिरवला.

"मला वाटत होतं, सगळं माझंच चुकतंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "तरी एक तास एकतीस मिनिटं म्हणजे फारच झाली."

आता मी गराजमधल्या एका खोक्यात असतो. नीलांबरी नवे बूट घालून पळते, अजून हळूच. कधी कधी परत आल्यावर दार जोरात लावते, तेव्हा मला कळतं की आज पाय रुसला होता. पण देवांगने विचारलं, तर आता ती खरं सांगते.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. ज्याच्यावर तुम्ही रोज भार टाकता, तो बूट असो की स्वतःचा पाय, त्याच्याकडे अधूनमधून नीट बघत जा. वेळेवर मला बाजूला ठेवलं असतं, तर मला वाईट वाटलं असतं, पण त्या उतारावर ती पडली नसती.