टेंभुर्णीच्या चौकातला फ्लेक्स

जुन्या जालन्यात एका कापड दुकानाच्या वर आमचा अभिनयाचा क्लास भरतो. सर पहिल्या दिवशी म्हणाले, "भिंतीला टेकून उभे राहा आणि झाड व्हा." आन् मोबाईल बघत बसले. चार महिने झाले, मी झाडच आहे.

कधीच सोडून दिला असता हा क्लास. पण मी नाव घातलं त्याच दिवशी मामानं टेंभुर्णीच्या चौकात फ्लेक्स लावला. "गावची सिनेअभिनेत्री कु. सुरुची हिचे हार्दिक अभिनंदन." खाली अकरा शुभेच्छुकांचे फोटो. अभिनंदन कशाचं, हे अकरातल्या एकानंबी विचारलं न्हाई. आता गावी गेले की सगळे विचारतात, कोणत्या चॅनलवर दिसशील? मी म्हणते, शूटिंग चालू आहे. मामाला म्हणलं, फ्लेक्स उतरव. तर म्हणाला, "लोक म्हणतील, पोरीला हाकलून दिलं."

आज क्लासात जाफराबादची एक नवी मुलगी आली, निकिता. सरळ माझ्यापाशी आली.

"ताई, तुमचा फ्लेक्स बघूनच आले मी. घरचे न्हाईच म्हणत होते, पण तो बघून तयार झाले. इथं खरंच शिकवतात ना?"

सरांनी चार महिन्यांत पहिल्यांदा मोबाईलमधून मान वर केली. मी खरं बोलले असते, तर दिवस मावळायच्या आत टेंभुर्णीत कळलं असतं.

"बिलकुल," मी हसून म्हणलं. "लई चांगलं शिकवतात."

तिला ते खरं वाटलं. मंग मी जराशी सरकले आन् तिला भिंतीशी जागा करून दिली.