साहेबांसाठी हरीण

ज्यांनी नोकरीत चार वर्षं काढली आहेत, त्यांना साहेबांची मर्जी म्हणजे काय ते सांगायला नको. नाशिकच्या एका कचेरीत कारकून असलेल्या भिमाजीला ती एक्याऐंशीच्या हिवाळ्यात अशी काही कळली, की त्याचं डोकंच चालेनासं झालं.

बदल्यांची यादी निघायची होती. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि सहज म्हणाले, "तुमचं गाव येवल्याकडचं ना? तिकडे हरणं पुष्कळ, असं ऐकतो. पुढच्या रविवारी आमच्याकडे पाहुणे आहेत. जमवा काहीतरी. बदलीचं मग मी बघतो."

घरी येऊन त्याने हे बायकोला, मालनबाईला सांगितलं. ती नाशिकच्याच शाळेत शिकवत होती. नवऱ्याची बदली झाली, तर संसाराचे दोन तुकडे ठरलेले. तरीही ती म्हणाली, "अहो, शिकारीला बंदी आहे ना?"

"ते साहेबांना ठाऊक नाही का?"

"मग सांगतात कसे?"

शनिवारी दुपारी कचेरी सुटल्यावर भिमाजी गावाकडच्या एस.टी.त बसला.

गावी त्याचे मामा राहत, गोटीराम. दोन एकर कोरडवाहू जमीन, साठी उलटलेली. तरुणपणी फासे लावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. भिमाजीने चाचरत काम सांगितलं. मामा एकतर चिडतील, नाहीतर हो म्हणतील, असं त्याने धरलं होतं. मामा एवढंच म्हणाले, "पहाटं ऊठ. टेकडीवर जाऊ."

याचा अर्थ हो समजायचा की नाही?

पहाटे मामांनी अंगावर घोंगडी घेतली, हातात काठी घेतली. बस्स.

"मामा, फासे?"

"चल तर खरं."

गवत दवाने ओलं होतं. पायजम्याला कुसळं चिकटत होती. मामा झपझप चढत होते आणि भिमाजी मागून धापा टाकत विचार करत होता, आपण इथे नेमके कशाला आलो आहोत? वर पोचल्यावर मामांनी त्याला खडकाआड बसवलं. हळूहळू फटफटलं, आणि पलीकडच्या उतारावर हरणं दिसू लागली. वीस-पंचवीस तरी असतील. पिळदार शिंगांचा एक काळा नर मान ताठ करून उभा होता. एक मादी पाडसाला पाजत होती. लहानपणापासून वसतिगृहात शिकलेल्या भिमाजीने स्वतःच्या गावची हरणं इतक्या जवळून कधी पाहिलीच नव्हती.

मामा कानाशी कुजबुजले, "सांग, कोणतं?"

"काय कोणतं?"

"तुझ्या सायबाला कोणतं पायजे? त्यो काळा? का ती पाजतीया ती? बोट दाखव. सांजच्याला फासा लावतो."

"तुम्हीच ठरवा ना, मामा."

"म्या का ठरवू? खायचं सायबानं, बदली तुझी. दाखव!"

भिमाजीचा हात अर्ध्यावर आला आणि तिथेच थांबला. कीव आली म्हणावं, तर मन बेड्यांच्या भीतीने धास्तावलं होतं. भीती म्हणावी, तर डोळे त्या पाडसावरून हलत नव्हते. त्याला मामांचा राग आला, मग साहेबांचा, मग स्वतःचा.

"बहात्तरच्या दुष्काळात म्या चार पाडली," मामा शांतपणे म्हणाले. "घरात दाणा नव्हता. भूक व्हती. तुझ्या सायबाला भूक हाय का? आन् धरलं तर आत कोण जाईल? सायेब? का तू? जाईल ह्यो गोटीराम! बाबासायबांनी शिका म्हनून सांगितलं, ते काय वरच्याच्या हौशीपायी खालच्याला राबवायला?"

"नको, मामा!" भिमाजी एकदम ओरडला. "कुठलंच नको!"

त्या आवाजासरशी कळप उधळला. उंच उंच उड्या मारत हरणं क्षणात दिसेनाशी झाली. मामा उठले आणि टेकडी उतरू लागले.

सोमवारी तो साहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, जमलं नाही."

"मिळालं नाही वाटतं?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी निभावलं असतं! पण भिमाजी म्हणाला, "मिळालं असतं, साहेब. मी आणलं नाही."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, फाइल ओढली आणि म्हणाले, "या तुम्ही."

यादी निघाली. भिमाजीची बदली देवळ्याला. ज्यांच्याकडे साहेबांनी कधी काही मागितलं नव्हतं, अशी दोन नावंही त्याच यादीत होती. तेव्हा ही शिक्षा होती की नुसता योगायोग, ते त्याला कधीच कळलं नाही. ट्रंक भरताना त्याने मालनबाईला विचारलं, "माझं चुकलं का गं?"

"अवघड केलंत," ती म्हणाली. "पण चुकलं नाही."

बंधुभगिनींनो, वरून सांगितलेलं काम आपण किती सहज खाली ढकलतो! हौस एकाची, हुकूम पाळणारा दुसरा, आणि गुन्हा मात्र तिसऱ्या गरिबाच्या माथी. जे आपल्याला स्वतः करवत नाही, ते दुसऱ्याच्या हातून करवून घेऊ नये. मनाचा गोंधळ उडाला, तरी तेवढं एक 'नाही' आपल्याला म्हणता आलंच पाहिजे!