केशोरीची लाईन

योगराजभाऊंनी मंजूने काढलेल्या नेटवर्कच्या नकाशावर पेन टेकवला आणि केशोरीवर सरळ काट मारली. "हे सेंटर बंद. जंगल का इलाका है, रोज दुपारी लाईट जाते. तू नवा सर्व्हर गोंदियापुरता बसव. आणि उद्या जाऊन तिथला कॉम्प्युटर उचलून आण."

मंजू त्यांच्या राईस कंपनीत दिवाळीनंतर लागलेली. नेटवर्क, सर्व्हर, बिघाड, सगळं तिच्याच गळ्यात. केशोरीचं खरेदी सेंटर म्हणजे एक खोली, एक वजनकाटा आणि धानाच्या पावत्या करणारी कुंदाबाई. पावती निघायची गोंदियाच्या सर्व्हरवरून. जोडणी तुटली की पावती बंद, आणि पावती नाही म्हटल्यावर कास्तकार ट्रॅक्टर वळवून सरळ दुसऱ्या व्यापाऱ्याकडे! रोज दुपारी कुंदाबाईचा फोन यायचा, "लाईन गेली जी," आणि अख्खं ऑफिस हात झटकून मोकळं. गावात वीज नाही, त्याला इथून कोण काय करणार? सेंटर गेलं की बाईची नोकरीही जाणार, हे मात्र कोणाच्या तोंडून निघालं नाही. मंजूला ते डाचत होतं. पण मालकाचा हुकूम, दुसऱ्या दिवशी गेली बिचारी केशोरीला.

ती पोचली तेव्हा पोत्यांवर बसलेले कास्तकार कुंदाबाईवर खेकसत होते, आणि ती मान खाली घालून कागदावर वजनं उतरवत होती. मंजूला पाहून म्हणाली, "न्यायलेच आल्या ना मशीन? न्या. तशीही लाईन गेली हाय."

मंजूने कॉम्प्युटरकडे पाहिलं. तो तर सुरू होता! वजनकाट्यावरचे लाल आकडेही चमकत होते.

"कुंदाबाई, लाईट तर आहे!"

"हाय ना. लाईट गेली असं मी कधी म्हटलं? लाईन गेली. नेटची."

"मग फोनवर तसं काऊन नाही सांगितलं?"

"आता तुमच्याकडं लाईन कशाले म्हणतात, ते मले काय मालूम!"

मंजूने कपाळावर हात मारला. ऑफिसात लाईन म्हणजे वीज. एवढ्याशा शब्दावर सगळे निवांत झोपले होते, आणि त्यांच्यात ती स्वतःही होती. तिला स्वतःचाच असा राग आला की प्रवासाचा शीण पार पळाला. "मशीन राहू द्या तिथंच," ती म्हणाली, आणि पदर खोचून कामाला लागली.

कॉम्प्युटर ठीक, वायरची टोकं ठीक. मग ती वायर हातात धरूनच चालायला लागली. पोत्यांमागून, भिंतीच्या कडेने, वायर एका भोकातून थेट शेजारच्या चैतरामच्या किराणा दुकानात! फायबरची केबल तिथपर्यंतच आली होती, म्हणून लावणाऱ्यांनी नेटचा डबा तिथेच ठोकून दिला होता. दुकानाचं शटर मात्र खाली.

चैतराम घरी ताटावर होता. "एकदा उंदरानं वायर कुरतडली अन् धूर निघाला," तो घास गिळत म्हणाला. "तेव्हापासून जेवायले येताना मेन स्विच पाडूनच येतो जी. काऊन, काय झालं?"

काय झालं म्हणे! मंजूला हसावं की रडावं कळेना. त्या भल्या माणसाला काय बोलणार? त्याच्या दुकानातला डबा कोणाचा, हे त्याला तरी कोणी सांगितलं होतं? तिने त्याला अर्ध्या जेवणावरून उठवलं. डबा हलवायला फायबरवाल्यांचा माणूस लागला असता, पण वीज हलवायला कोणी अडवलं होतं? सेंटरच्या विजेच्या बोर्डावरून तिने त्याच भोकातून वायर नेली आणि डबा त्यावर जोडला. चैतरामने मेन पाडला. डब्यावरचे दिवे हलले नाहीत.

तिथूनच तिने योगराजभाऊंना फोन लावला.

"कॉम्प्युटर उचलला?"

"नाही भाऊ, आणि उचलणारही नाही. उद्या दुपारी माझ्या टेबलाशी बसा. केशोरी एकदा जरी तुटली, तर मशीन मी स्वतः आणून देते. सोबत माझा राजीनामा."

"बडी हिंमत है," भाऊ म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी खरंच येऊन बसले.

केशोरीच्या पावत्या पडद्यावर एकामागून एक उमटत होत्या. जेवणाची वेळ झाली, आणि पावत्या थांबल्या. भाऊंनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "घे. झाला टाईम." जोडणीचा हिरवा ठिपका जागेवर होता, पण भाऊंचा त्या ठिपक्यावर काडीचा भरवसा नव्हता. खरं सांगायचं तर त्या क्षणी मंजूचाही नव्हता. काय चुकलं? कुठं राहिलं?

भाऊंनी स्वतःच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "कुंदाबाई, काय झालं? पावत्या काऊन बंद?"

"काही नाही जी," पलीकडून कुंदाबाई घाबरून म्हणाली. "साऱ्यायच्या पावत्या झाल्या. कोणी थांबून नाही. म्हणून जेवणाचा डब्बा उघडला. या टायमाले मी रोज लोकायच्या शिव्याच खात होती. आज भात खाऊन राहिली. ठेवून देऊ का?"

भाऊंनी फोन तोंडाजवळ ओढला.

"जेवा बाई," ते म्हणाले. "सावकाश जेवा. सेंटर कुठं जात नाही."