दुर्बिणीनंतरची हळद

आमच्या वळ गावाभोवती गोडाउनं नुकती उभी राहत होती, तेव्हाची गोष्ट. छातीत जळजळ होते म्हणून भिवंडीच्या डॉक्टरांनी माझ्या घशातून दुर्बीण आत सोडली. गुंगीचं इंजेक्शन होतं, कळलं काहीच नाही. "पोटाला थोडी सूज आहे. आज कुठे सही करू नका, कसला निर्णय घेऊ नका," ते म्हणाले. सून दिपालीने मला रिक्षात घालून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या केसरीनाथच्या मुलाची, भावेशची हळद. आम्हा आगऱ्यांत धवलारणीने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय हळद लागत नाही, आणि गावची धवलारीण मी. धवले मला सासूने शिकवले. केसरीनाथने मानाचा नारळ आधीच आणून दिला होता. नारळ जिच्याकडे, गाणं तिचं.

दवाखान्यातून आले त्याच संध्याकाळी गुंगी उतरली तर घसा खरवडल्यासारखा दुखत होता, आणि देवाजवळ ठेवलेला नारळ नव्हता.

"आई, मानकोलीच्या पुतळाबाई तुम्हाला बघायला आल्या होत्या," दिपाली म्हणाली. "तुम्हीच उठून नारळ त्यांच्या ओटीत घातलात. वर पायाही पडलात."

"तू अडवलं नाहीस?"

"तुम्हाला आजवर कोणी अडवलंय?"

पुतळाबाईही धवलारीण. आवाज खणखणीत, पण शब्द आठवत नसत. एका हळदीत तिने धवल्यात नवऱ्याऐवजी त्याच्या बापालाच पाटावर बसवलं होतं. मी तिला बोलावून घेतलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय, आज केलेलं काही धरायचं न्हाय," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

"ते कागदाला, चंद्रा. नारळ काय कागद हाय? आणि या आवाजात गाशील, तर गोठ्यातली म्हैस दूध चोरंल."

आवाजाचं खरं होतं. पण सासूचे धवले हिच्या तोंडी बिघडलेले मला ऐकवले नसते.

"मग मी मागं बसून सांगते, तू गा."

"सांग. पन हळू. कुणाला कळाया नको."

हळदीत मी कानात सांगेन ते ती माइकवर उचलत गेली. उंबराचं कडवं आलं आणि बाई धावतच सुटली. मी कुजबुजले, "अगो दमानं, नवरा गुदमरंल."

तिने तेही गाण्यात लावलं, अगदी सुरात. मागच्या बायांनी दोनदा घोळवलं. केसरीनाथच्या म्हाताऱ्या आईने डोळ्यांना पदर लावला.

पुतळाबाई आता नाही. सासूची कितीतरी कडवी कोणी गात नाही. पण परवा भावेशच्या मुलाच्या, सार्थकच्या हळदीत पोरी त्याला घेरून गात होत्या, "अगो दमानं, नवरा गुदमरंल."

एकीने मला विचारलं, "आजी, हे फार जुनं ना?"

"माझ्या सासूच्या सासूपासूनचं," मी म्हटलं.