सिमेंटचा रकाना

रोकानेराहून सान पेल्त्रोला जायला बोट आहे, आगगाडी आहे. तरी चांगली शिकली-सवरलेली माणसं पाठीवर पिशवी अडकवून दोन तास डोंगर तुडवतात, वाटेत समुद्राकडे बघून उसासे टाकतात आणि परत मात्र आगगाडीनेच येतात. एर्सीलियाची याबद्दल काही तक्रार नव्हती. त्यांच्या पायांमुळे वाट जिवंत राहत होती, आणि तिच्या द्राक्षमळ्याला तीच एक वाट होती. वरच्या अंगाच्या तीन मळ्यांची वाट लोकांनी सोडली, तेव्हा दोन वर्षांत काट्यांनी मळ्यांसकट ती गिळली होती.

एप्रिलच्या पावसात तिच्या मळ्याचा दगडी गडगा वाटेवर कोसळला आणि नगरपालिकेने दोरी बांधून वाट बंद केली. अडुसष्ट वर्षांच्या एर्सीलियाने दीर ओरेस्तेला कामाला जुंपून तीन आठवड्यांत गडगा पुन्हा रचला. आज जेनोव्हाहून इंजिनिअर यायचा होता. त्याची सही झाली तर वाट खुली. नाहीतर सगळं काट्यांच्या हवाली.

"वहिनी, जरा गोड बोला हं," ओरेस्ते म्हणाला.

"मी कधी कडू बोलते?"

ओरेस्तेने समुद्राकडे बघितलं.

इंजिनिअर तेबाल्दी धापा टाकत चढून आला. माणूस सज्जन होता, पण सोबत फाईल होती.

"सिन्योरा, सिमेंट कुठल्या प्रतीचं वापरलंत?"

"नाही वापरलं."

"मग दगड कशाने धरलेत?"

"दगडांनी. मोठे पुढे, कपच्या मागे. पाणी मधून निघून जातं."

"पण सिमेंटचा रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"मग त्यात ओरेस्तेचं नाव लिहा. तोही कुठे दिसला नाही, आठवडाभर."

"कंबर धरली होती, वहिनी!"

"साहेब, वीस पावलांवर तुमच्या रकान्यात बसणारी भिंत आहे. नगरपालिकेची. ती बघून या. तोवर मी पानं मांडते."

तेबाल्दी भिंत बघून आला. एर्सीलियाने मुद्दाम गडगा आणि भिंत, दोन्हींच्या मधोमध फडकं अंथरलं. पाव, तेल, खारवलेल्या मासोळ्या, तिच्याच मळ्याची वाइन. उन्हाचा चटका होता. सावली दोन्हीकडे सारखीच होती. तेबाल्दीने आपलं पान उचललं, सिमेंटच्या भिंतीकडे पाठ फिरवली आणि गडग्याला पाठ टेकून बसला.

एर्सीलियाने त्याला निवांत दोन घास खाऊ दिले.

"साहेब, तिकडे वारा छान लागतो."

"इथे बरं आहे."

"का हो?"

तेबाल्दीने मागच्या दगडांकडे बघितलं. मग हातातल्या मासोळीकडे. शिकलेला माणूस, काय कबूल केलंय ते त्याला लगेच कळलं. त्याने रकान्यात 'आवश्यकता नाही' असं लिहून सही केली. मग प्रामाणिकपणाचा झटका आल्यासारखी फाईल पुन्हा उघडली.

"पण वाट खुली नाही करता येणार. त्या भिंतीचं पोट सुटलंय. आज ना उद्या वाटेवर बसेल."

"झालं!" ओरेस्तेने कपाळाला हात लावला. "आपल्या गडग्याने पास केलं, पालिकेच्या भिंतीने नापास!"

"दुरुस्ती कोण करणार?" एर्सीलियाने शांतपणे विचारलं.

"निविदा निघेल. दोनेक वर्षं..."

"आणि तातडीचं काम म्हणून गावच्या कारागिराला दिलं तर?"

"तसा अधिकार मला आहे. पण कारागीर कोण?"

"तुम्ही टेकून बसलाय तो गडगा कोणी रचला? पंधरा दिवस पुरेत. आता ओरेस्तेची कंबरही सुटली आहे."

"वहिनी!"

"नगरपालिकेची मालमत्ता आहे, सिन्योरा. आधी आत पाणी साठलंय का, हे तपासून सिद्ध—"

एर्सीलिया पहार घेऊन भिंतीकडे निघालीही होती. तेबाल्दी तिला थांबवायला मागे धावला. भिंतीच्या बाजूला उभं राहून तिने तळाशी एकच घाव घातला. सिमेंटचा पोपडा उडाला आणि आत कोंडलेलं पाणी धारेने बाहेर आलं, थेट तेबाल्दीच्या पायमोज्यांवर. दोरीपलीकडे ताटकळलेल्या दोन डच पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या.

"झालं सिद्ध?" एर्सीलियाने विचारलं.

तेबाल्दीने एका पायावर उभं राहून फाईल गुडघ्यावर टेकवली आणि कारागिराचं पूर्ण नाव विचारलं.