अकरा नंबरचा ओळंबा

मी ओळंबा. गवंड्याच्या दोरीला लटकणारा, टोकदार, पितळी. बोलायची मला सवय नाही. आमच्या कामात गप्प लटकणाऱ्यावरच भरवसा ठेवतात. पण माझ्या हातून एक खोटी साक्ष गेली आहे, आणि तिच्याबद्दल मला कुणी विचारलेलं नाही, म्हणून आपणहून सांगतो.

माझा जन्म भोसरीचा, सन पासष्टचा. वर्कशॉपमधल्या एका टर्नरनं उरलेल्या पितळी सळीतून, जेवणाच्या सुट्टीत, मला लेथवर उतरवलं ते भीमराज गवंड्यासाठी. तेव्हा पिंपरीपासून चिंचवडपर्यंत माळावर कारखान्यांच्या शेड उठत होत्या. भीमराज मला भिंतीवरून खाली सोडायचा आणि एक डोळा मिटून बघायचा. भिंत तिरकी निघाली की सगळे माझ्याकडेच रागानं बघायचे. माणसांची ही रीत मी लवकर ओळखली.

भीमराजच्या माघारी मी त्याच्या मुलाकडे, ज्ञानदेवकडे आलो. शहात्तरच्या वैशाखात त्याचं लग्न झालं आणि कस्तुरा कासारवाडीतल्या त्या एका खोलीत आली. ती कमी बोलायची. तिसऱ्याच दिवशी तिनं मला चिंच लावून घासलं.

"अगं, ह्यो तांब्या न्हाई, हत्यार हाय," ज्ञानदेव म्हणाला.

"हत्यार काळंच असावं असं कुठं हाय?" एवढंच बोलली आणि परत घासायला लागली.

चार महिने बरे गेले. मग एका सकाळी परांचीवर, भिंतीलगतच्या बांबूच्या मचाणावर, मला भिंतीशी सोडून ज्ञानदेव म्हणाला, "ओळंबा थांबंना." मी थांबलेलोच होतो. वाराही नव्हता. त्यानं पुन्हा पाहिलं आणि दोन्ही हातांनी भिंत धरली.

"अरं, सकाळी सकाळीच घेतलीस व्हय?" मुकादम सोपानराव खालून ओरडले. ज्ञानदेव दारूला शिवत नसे. तसंच दोनदा आणखी झालं, तेव्हा सोपानरावांनी त्याला खाली उतरवलं. "डॉक्टरची चिठ्ठी आण, मग चढ."

तेव्हापासून तो खाली बायकांबरोबर घमेली उचलू लागला. ज्यांना त्यानं थापी धरायला शिकवलं, तेच वरून हाक मारायचे, "वहिनी, माल द्या." तो माल द्यायचा. मी त्याच्या खिशात असायचो. कामाविना.

चिंचवडच्या एका दवाखान्यात दर गुरुवारी पुण्याहून एक डॉक्टरबाई येत. सतत चक्कर येणाऱ्या बारा माणसांवर त्यांचा बारा आठवड्यांचा अभ्यास चालला होता. निम्म्यांना औषधाची गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची. कुणाला कुठली, ते बाईंनाही ठाऊक नव्हतं. ज्ञानदेवचा नंबर अकरा.

"हा अभ्यास आहे, परीक्षा नाही," बाईंनी त्याला समजावलं. "जितके डुलाल तितके डुला. पास-नापास काही नाही."

"शेवटी कागद मिळंल का?"

"तोल कसा आहे, तेवढं लिहून देईन."

त्याला तेवढंच ऐकू आलं.

बाईंकडे तोल मोजायचं यंत्र नव्हतं. माणसाच्या कमरेच्या पट्ट्याला मागे एक बांबूची कांडी बसवायची, तिला वजन टांगायचं, खाली परातीत बारीक वाळू. डोळे मिटून मिनिटभर उभं राहायचं. माणूस जितका डुलेल, तितकी रेघ वाळूत उमटणार. त्यांचं वजन फार हलकं होतं, म्हणून ज्ञानदेवनं खिशातून मला काढून दिलं. बाई खूश झाल्या. त्या दिवसापासून दर गुरुवारी बाराही जणांच्या मागे मीच लटकलो. बस सोडून वर्ष झालेला एक कंडक्टर अजून बसमध्येच असल्यासारखा डुलायचा. जाईबाई म्हणून एक म्हातारी डोळे मिटून नातवंडांची नावं घ्यायची. ज्ञानदेवची वाळू मात्र कोंबडीनं उकरल्यासारखी दिसायची.

घरी त्यानं तसंच सगळं उभं केलं. वाळूऐवजी चुलीतली राख. तो रोज संध्याकाळी उभा राहायचा आणि रोज कोंबडी उकरायची. एकदा त्याच्या सदऱ्यावरचा दोरा काढायला कस्तुरानं पाठीला दोन बोटं लावली. मी जागच्या जागी थांबलो. राखेत एक टिंब, बस्स.

"परत लाव," तो म्हणाला.

लावली. टिंब. काढली. कोंबडी. दोघंही हसले नाहीत.

"गुरुवारी बी लाव."

"बाई म्हणल्या, कुणी धरायचं न्हाई."

"धरायचं न्हाईच. बोटं लावायची."

ती बराच वेळ राख सारखी करत राहिली. मग म्हणाली, "आन् परांचीवर?"

"तवर गोळी लागू पडंल."

पडू नये म्हणून घरच्या माणसाला मागे उभं राहायची मुभा होती. पदर पुढे ओढून, मान खाली घालून कस्तुरा उभी राहायची. नव्या नवरीच्या बोटांकडे कोण बघतं? बाई वाळूकडे बघायच्या. बोटं ती दर गुरुवारी जरा जास्त वेळ टेकवायची, म्हणून आठवड्यागणिक रेघ आखूड होत गेली आणि बाईंचा चेहरा उजळत गेला. मी वाळूत जे लिहिलं ते खरं होतं. फक्त अर्धं होतं.

बाराव्या गुरुवारी बाईंनी कागद दिला: तोल स्थिर. "तरी महिनाभर उंचावर चढू नका," त्या तोंडानं म्हणाल्या. सोपानरावांनी कागद वाचला. तोंडचं कागदावर नव्हतं.

सोमवारी आम्ही वर गेलो, शेडच्या भिंतीवर, अठरा फूट. कुणी वहिनी म्हणालं नाही. ज्ञानदेवनं मला खाली सोडलं आणि वाकून पाहिलं. मग त्याचा हात मागे गेला, पाठीशी, काहीतरी शोधत. तिथं काही नव्हतं. मी दोरीला लटकलेलो होतो. तो माझ्या अंगावरून खाली गेला.

पुढच्या गुरुवारी कस्तुरा मला मुठीत धरून दवाखान्यात गेली. सगळं सांगितलं, बोटांसकट. बाईंनी वही उघडून अकरा नंबरवर पट्टीनं तांबडी रेघ मारली.

"हा काढावा लागेल. याचे आकडे धरता येणार नाहीत."

"काढा. पन बाई, माझी बोटं लागली की ते थांबायचे. गोळीनं न्हाई थांबले. येवढं लिवा कुटंतरी."

बाईंनी पानावरून नजर फिरवली. "त्याचा रकाना नाही," त्या हळू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. पण वही मिटली.

त्याला सहा वर्षं झाली. मी आता कासारवाडीच्या त्याच खोलीत वाशाला टांगलेला आहे, ज्ञानदेवच्या खाटेच्या पायथ्याशी. त्याच्या पायांत जीव नाही. चक्कर तेवढी शाबूत आहे. पडल्या पडल्याही त्याला खोली फिरते. फिरली की तो माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "हलतोय का गं?"

"न्हाई," कस्तुरा म्हणते.

"बोटं लाव की."

ती त्याला जेवू घालते, कूस बदलते, अंग पुसते. पण हे ऐकलं की हात पदराखाली घेते आणि चुलीकडे वळते. तो पुन्हा माझ्याकडे बघतो.

तुम्ही कधी त्या खोलीत आलात, तर दार हळू लोटा, माझ्या दोरीला धक्का लावू नका. मी एकदा जरी खरोखर हललो, तर तिचं 'न्हाई' खोटं पडेल. आणि तिथं आणखी एका खोट्याला जागा उरलेली नाही.